कोरा फेर

मरोदा सेक्टर, भिलाई
२४ जुलै १९८३

बाई,

तुह्या धाकट्या बहिणीचा नमस्कार घे. उत्तराले उशीर झाला तो माह्यामुळं नाही, आमच्या ह्यांच्यामुळं. तू विचारलं होतं की पंजाबराव आजकाल रविवारी काय करते. आता सांगते, पण हसू नको. आमचे हे रविवारी लोकांच्या अंगणात काठी फिरवते.

काठी साधी नाही. खालच्या टोकाले प्लायवूडचं गोल, त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, मधात जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटातलं काहीबाही, अन् कानाले लावायले टेलिफोनचे डबडे. तुले त माहीतच आहे, आमच्या याईच्या शॉपकडं, म्हणजे प्लँटातल्या खात्याकडं, कोळशाच्या पट्ट्यावरचं एक यंत्र आहे. कोळशासंग लोखंडाचा तुकडा गेला की ते ओरडते अन् पट्टा थांबते. इतकी वरसं ते यंत्र सांभाळलं, अन् एक दिवस याईच्या डोक्यात आलं, लोखंडासाठी ओरडते त सोन्यासाठी कावून नाही ओरडणार. झालं. अख्खा उन्हाळा माह्या ओसरीवर तारेची भेंडोळी. मी कपडे कुठं वाळवू, ते काही कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, माणसाचं डोकं गेलं. मंग समोरच्या क्वार्टरमधल्या नव्या सुनेची अंगठी हरवली. बिहारकडची पोर आहे, लग्नाले दोन महिने नाही झाले. बागेत पाणी टाकता टाकता बोटातून गेली. सासरा म्हणे गेली त गेली, पण ती काही जेवेना. हे गेले. जातानी पट्टा काढून पायजम्याले नाडा बांधला, चपला काढल्या, खिशातली किल्ली माह्या हातात देली. म्हणे, आपल्याच अंगावर लोखंड असलं त यंत्र आपलंच गाणं गाते.

अन् गेल्या गेल्या काठी फिरवायची नाही बरं. आधी त्या पोरीले बसवलं अन् त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलं ते सगळं विचारलं. मंग वाफ्यावाफ्यानं फिरले. गुलाबाच्या बुडाशी यंत्राचा आवाज बारीक झाला. याईनं तिथं चुन्याची चिमूट टाकली अन् मांगं सरकले. स्वतः हात लावत नाही. म्हणते, ज्याचं हरवलं त्यानंच काढावं. त्या पोरीनं माती उकरली अन् अंगठी निघाली. ते पोर तिथंच बसून रडलं.

तेवढ्यावर घरी यावं की नाही? नाही. सापडल्यावर पुन्हा सारं अंगण फिरायचं. त्याले हे कोरा फेर म्हणते. सारं अंगण फिरून यंत्र एका शब्दानंही बोललं नाही, फेर कोरा गेला, मंगच हलायचं. मी विचारलं, आता काय राह्यलं? त म्हणे, लोकायले वाटते एकच हरवलं. त्या फेरात दोन खिळे अन् एक चमचा निघाला.

घेत काही नाही. चहा घेते, तोही बिनसाखरेचा. मी घरात कुरकुर करते, पण खरं सांगू बाई? ती पोर पाया पडायले आली तेव्हा हे लाजून पारिजातकामांगं जाऊन उभे राह्यले. तेव्हा मले हे लग्नातल्यापेक्षा देखणे दिसले. हे त्यायले कळवू नको, आधीच पाय जमिनीवर नाही.

तुही साधना सासरी चरोद्याले मजेत आहे. तुहे जावई, नरहरीराव, रेल्वेच्या यार्डातून सुटले की लोकलनं इकडं येऊन जाते. काळजी करू नको.

तुही वच्छला


हिंगणघाट
१८ ऑगस्ट १९८३

वच्छले,

आशीर्वाद. तुहं पत्र मी दोनदा वाचलं अन् शेजारच्या कमलिनीलेही वाचून दाखवलं. तिची पाटली पाच वरसाआधी विहिरीपाशी पडली होती, ती आता पंजाबराव कधी येते म्हणून रोज विचारून राहिली. मी तिले त्याईचा पत्ता देत नाही, नाहीत सारं हिंगणघाट भिलाईले येईन.

लग्नाच्या वेळी तूच रडत होतीस की नवरा बोलत नाही, मुका आहे. आता पाह्य. न बोलणाऱ्याले ऐकू जास्त येते. मले त्याईचं सगळ्यात काय आवडलं सांगू? स्वतः उचलत नाही ते. आपल्या बाबाले असा जावई मिळाला अन् त्यायले तो कळला नाही, याचं वाईट वाटते. अजून कोणाचं काय सापडलं ते लिहीत जा. इथं एकटीनं बसून वाचायले बरं वाटते.

साधना नागपंचमीले येऊन गेली. स्वयंपाकघराच्या छपराचे कवेलू सरकले आहे, चुलीपाशी तीन गंजं ठेवली होती पाणी धरायले. तिनं पाह्यलं. म्हणे, आई, मी काहीतरी करते. मी म्हटलं, तू आता दुसऱ्या घरची, तुले काय करायचं आहे. ती चूप झाली. तिचा चूप राहायचा स्वभाव तुले माहीत आहे, बापावर गेली. विहीणबाई कडक आहे, पण अन्न पोटभर वाढते असं म्हणत होती. पोरीच्या आईले अजून काय पाह्यजे.

भागीरथा


मरोदा सेक्टर
५ सप्टेंबर १९८३

बाई,

तुले अजून पाह्यजे ना, त घे. सुपेल्याच्या एका भांडेवाल्याच्या आईचा सोन्याचा दात हरवला. म्हातारीनं सकाळी चूळ भरली अन् दात चुळेसंग गेला. नालीच्या काठानं साऱ्या बाजाराचं लोखंड पडलेलं. इकडं वेल्डिंगवाला, तिकडं सायकलवाला. यंत्र त जसं भजनाले बसलं. लोक जमले, हसून राह्यले, कोणी म्हणे भाऊ, आमचा स्कूटरचा नट पाह्य. हे हसले नाही अन् चिडलेही नाही. म्हातारीले विचारलं, माय, चूळ भरतानी तोंड कोणीकडं होतं? ती म्हणे सूर्याकडं, मी रोज सूर्याकडंच तोंड करते. मंग हे तिच्या जागी उभे राह्यले, सूर्याकडं तोंड केलं अन् स्वतः चूळ भरून थुंकले. भर बाजारात. मी लाजेनं पदर तोंडाले लावला. अन् जिथं पाणी पडलं त्याच्या हातभर पुढं दात निघाला.

म्हातारीनं तो धुतला, तिथंच बसवला अन् पहिल्यांदा काय केलं असंल? याईले पाहून हसली. सारा बाजार पाह्यत होता. 

पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्यायचं जेवण चरोद्याले आहे. विहीण पंचफुलाबाईनं निरोप धाडला. साधनाचं या घरातलं पहिलंच वर्ष आहे, म्हणून मी आदल्या दिवशीच जाते मदतीले.

तुही वच्छला


मरोदा सेक्टर
२९ सप्टेंबर १९८३

बाई,

तू पत्र कावून नाही पाठवलं? मी रोज टपालवाल्याले पाह्यते.

महालक्ष्म्या बाकी अशा मांडल्या होत्या की सारी रेल्वे कॉलनी पाहायले आली. पंचफुलाबाईनं घरातलं होतं नव्हतं ते सोनं दोघींच्या अंगावर घातलं. ज्येष्ठेच्या गळ्यात एकदाणी होती, हुबेहूब तुह्यासारखी. सोन्याचे मणी लाल दोऱ्यात ओवलेले, मणीही तेवढेच. मी म्हटलं, एका सोनाराच्या हातच्या दिसते. साधना पुरणपोळ्या करता करता मले पाहून डोळ्यानं हसत होती. सासूचं सोवळं मोठं कडक, मूर्तीले, हारायले दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही. पण जेवतानी सगळ्यांसमोर म्हणे, सून हाताची चांगली आहे. मले तुही आठवण आली.

पण परवा मी सहज गेली, त पंचफुलाबाईनं मले या म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या ठेवला अन् आत गेली. साधना चांगलीच वाळली आहे. मी विचारलं त म्हणे, काही नाही मावशी, बुखार था. बुखार नव्हता तो, मले का समजत नाही? नरहरीराव मान खाली घालून बसले होते. काय झालं आहे? तुले माहीत असंल त मले सांग. मी काही परकी नाही.

तुही वच्छला


हिंगणघाट
८ ऑक्टोबर १९८३

वच्छले,

तुह्यापासून लपवलं, कारण लिहायले हात उठत नव्हता. विहीणबाईचं पत्र आलं आहे. महालक्ष्म्या उठवल्यावर दागिने पेटीत ठेवायले साधनाजवळ देले. किल्लीही तिच्याजवळच होती. पाचव्या दिवशी पेटी उघडली त एकदाणी नाही. सारं घर शोधलं. विहीणबाई लिहिते, तुमच्या पोरीले दिवाळीले घेऊन जा. एकदाणी आली त पोरगी येईन, नाहीत तिले तिकडंच ठेवा. कॉलनीतल्या बायायलेही सांगून बसली आहे.

साधनानं मले एक ओळ लिहिली नाही.

आता मी सांगते ते ऐक अन् पत्र फाडून टाक. माही एकदाणी मी दुर्गले येणाऱ्या कमलिनीच्या दिराजवळ पाठवून राहिली. लाडवाच्या डब्यात तळाशी आहे. तुह्या मालकाले चरोद्याले ने. तू आधी ती तिथं अंगणात पुर. ते यंत्र फिरवतीन, यंत्र वाजंन, एकदाणी निघंन. विहीणबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, तिले फरक कळणार नाही. पंजाबरावाईले सांगू नको. ते खोटं करणार नाही, हे मले माहीत आहे, म्हणून तर त्याईच्या हातून निघालेलं सारे खरं मानतीन.

साधनालेही सांगू नको.

मी आता ती घालतही नाही. हे गेल्यापासून पेटीतच आहे. पोरीचं घर त्याच्यापेक्षा मोठं आहे.

भागीरथा


मरोदा सेक्टर
१४ ऑक्टोबर १९८३

बाई,

डबा पोचला. लाडू बरणीत काढले अन् खालचं फडकं मी उघडलंही नाही, तसंच तांदळात ठेवलं. आता तांदूळ काढतानी आधी दार लावून घेते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी जायचं ठरलं. मी याईले एवढंच सांगतलं की साधनाच्या सासूची एकदाणी हरवली अन् पोरीवर आळ आहे. ते ऐकून हे जेवतानी थांबले. म्हणे, आधी कावून नाही सांगतलं? पोर इतके दिवस कशी राह्यली असंल. तेव्हापासून रोज प्लँटमधून आले की ओसरीवर बसून यंत्र पुसते, तार तपासते. नवी बॅटरी आणली. मी समोर भाजी निवडत बसते अन् मले त्याईच्या तोंडाकडं पाहावत नाही.

एक विचारू? तुले साधनानं काही सांगतलं आहे का? तू मले सारं लिहिलं असं मले वाटत नाही.

तुही वच्छला


मरोदा सेक्टर
२५ ऑक्टोबर १९८३

बाई,

बसून नीट वाच. पोरगी घरी आहे, तिच्या स्वतःच्या घरी, अन् तिचं नाव धुतल्यासारखं स्वच्छ झालं आहे. हे आधी लिहिते म्हणजे तू मधात घाबरशील नाही. पण जसं ठरलं होतं तसं झालं नाही.

आम्ही सकाळच्या लोकलनं गेलो. याईनं नेहमीप्रमाणं आधी पंचफुलाबाईले बसवलं अन् विचारलं, त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलं. तिनं सगळं सांगतलं. मूर्ती उठवल्या, दागिने उतरवून ताटात ठेवले, पेटी, किल्ली, सून. सून म्हणतानी ओठ असे आवळले की मले तिथंच उठून यावं वाटलं. साधना दाराआड उभी होती. याईनं तिले एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हटलं, बेटा, पाणी दे. अन् ते पाणी सावकाश, तिच्यासमोर उभं राहून प्यायले. बाई, त्या घरात महिनाभरानं तिच्या हातचं पाणी कोणी असं मानानं घेतलं असंल.

मी मोरीकडं जायचं निमित्त केलं अन् धुण्याच्या दगडाजवळ तुहं फडकं सोडलं. चार बोटं माती उकरली, एकदाणी ठेवली, पायानं दाबली. माही छाती इतकी धडधडत होती की मले वाटलं यंत्र तेच ऐकंन.

रेल्वेच्या क्वार्टरचं अंगण म्हणजे लोखंडाची खाण. जिथं काठी नेली तिथं खिळा, बोल्ट, कोळशाची जळकी खपली. शेजारच्या बाया भिंतीवरून पाह्यत होत्या, तोंडाले पदर लावून. हे एक एक वाजलेलं उकरून बाजूले ठेवत होते. दीड-दोन तास झाले. मी म्हटलं, तिकडं दगडापाशी पाहा ना, तिथंच धुणं होते. याईनं माह्याकडं पाह्यलं अन् तिकडं गेले.

यंत्र वाजलं. याईनं वाकून मातीले बोट लावलं. मंग पुन्हा माह्याकडं पाह्यलं. बाई, बावीस वरसाच्या संसारात मले असं कोणी पाह्यलं नाही. त्यायले कळलं. भुसभुशीत माती, सकाळची. तरी याईनं चुन्याची चिमूट टाकली, मांगं सरकले अन् पंचफुलाबाईले म्हणे, काढा.

तिनं काढली. सापडली म्हणून ओरडली, छातीले धरली, शेजारच्या बायायनं टाळ्या वाजवल्या. नरहरीरावाईचे डोळे भरून आले. साधना पुढं आली, मातीनं भरलेली एकदाणी वाटीत धुवायले घेतली, अन् धुता धुता तिचे हात थांबले. तिनं ओळखली. लहानपणी तुह्या गळ्यात लोंबकळून तिनंच एक मणी दातानं चेपला होता ना? मी विसरली होती. तू बी विसरली. ती नाही विसरली. वाटी ठेवली अन् चूप आत गेली. लोकांले वाटलं आनंदानं गेली.

चहा झाला. मी म्हटलं, चला, गाडी जाईन. हे उठले अन् काठी उचलली. म्हणे, एक फेर राह्यला.

मी याईची बाही धरली. सगळ्यांसमोर. म्हटलं, आता काय पाह्यजे तुम्हाले, निघालं ना. याईनं माहा हात हळूच सोडवला अन् कोरा फेर सुरू केला. मले त्या वेळी याईचा एवढा राग आला की सांगता सोय नाही. मले वाटलं, हा माणूस आपल्या हट्टापायी पोरीचं घर मोडते.

कोपऱ्यात पपई आहे. तिथं यंत्र वाजलं. कोणाले काही कळायच्या आधी पंचफुलाबाईचं तोंड पांढरं पडलं. ती म्हणे, तिथं पाय देऊ नका, तिथं देवीचं निर्माल्य आहे. हिंगणघाटले आपण हार-फुलं वणा नदीत सोडतो. चरोद्याले नदी कुठची? म्हणून ती पुरते, पायी लागू नये म्हणून. अन् पुरलं हे तिनं सकाळी सांगतलं नाही, कारण तिच्या मनात ते काम देवाचं, घरातल्या वस्तूचं नाही. हे म्हणे, पाय नाही देत बाई. तुम्हीच काढा.

ती खाली बसली. हातानं माती काढली. सडून काळा झालेला झेंडूचा हार निघाला, आघाड्याचे देठ निघाले. अन् त्यात गुंतलेली एकदाणी. सोनं तसंच पिवळं होतं.

 याईनं तिले वाट करून देली. खाली वाकून हळूच म्हणे, बाई, आधी या क्वार्टरात राह्यलेल्या कोणाचं असंल, होते असं. मी जवळ होती म्हणून मले ऐकू आलं, दुसऱ्या कोणाले नाही. तिनं मनात आणलं असतं त तेवढ्यावर निभावलं असतं. एकदाणी एक सापडली, लोकायनं पाह्यली, आता ही पदरात घालून उठायचं.

पण ती उठली अन् भिंतीकडं तोंड करून, जिथं साऱ्या बाया होत्या, मोठ्यानं म्हणाली, “ही माही आहे. म्या स्वतः हारासंग उतरवली अन् स्वतः पुरली. अन् पोरीले चोर म्हणली.” मंग आत गेली, साधनाले हात धरून बाहेर आणलं अन् त्याच बायायसमोर पुन्हा तेच बोलली. तिच्या हातची माती साधनाच्या मनगटाले लागली. मी त्या बाईले इतके दिवस मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते आता परत घेते. असं सगळ्यांसमोर म्हणायले छाती लागते. माह्यात नाही तेवढी.

पहिली एकदाणी कोणाची, हे तिनं विचारलं नाही. माह्याकडं पाह्यलं, समजली. वाटीतून काढून साधनाच्या हातात ठेवली अन् एवढंच म्हणाली, ज्याचं त्याले दे.

साधना आम्हाले पोचवायले स्टेशनवर आली. लोकल दिसली तेव्हा म्हणाली, “मावशी, आईले वाटलं का मीच घेतली म्हणून?”

 मी गाडीत चढली. बाई, याचं उत्तर तूच दे.

गाडीत मी याईले म्हटलं, तुम्हाले दगडापाशीच कळलं होतं. तिथंच थांबले असते त काय बिघडलं असतं? पोरगी सुटलीच होती. याईनं काठी बाकाखाली सरकवली. मंग म्हणे, “पोरगी सुटली असती. पण त्या बाईची एकदाणी हरवलेलीच राह्यली असती ना. आपण तेच काढायले गेलो होतो.”

 आपण दोघी तिले कडक सासू समजून बसलो, तिच्या वस्तूचं दुःख मोजलंच नाही. याईनं मोजलं. तू पत्रापत्रातून यंत्राची तारीफ केली, मी इथं मिरवत राह्यली, अन् काम पडलं तेव्हा आपण दोघींनी त्याच्यावर भरोसा ठेवला नाही. हे मले रागावले नाही. रागावले असते त बरं झालं असतं. मी याईच्यासंग इतकी वरसं राह्यली अन् मले परवा समजलं की मी कोणासंग राहून राहिली.

तुही वच्छला


हिंगणघाट
३१ ऑक्टोबर १९८३

वच्छले,

तू विचारलं होतं, मी सारं लिहिलं का. नाही लिहिलं. नागपंचमीले ती गळकं छप्पर पाहून म्हणाली होती, आई मी काहीतरी करते. विहीणबाईचं पत्र वाचलं अन् मले तेच वाक्य आठवलं. रात्रभर तेच आठवत राह्यलं. सकाळी मी एकदाणी पेटीतून काढली.

पंजाबरावाईच्या पाया पडायची माही पत नाही, मोठी असून. त्यायले सांग की भागीरथानं यंत्राले दोष देला नाही, तिले फक्त त्याच्या उत्तराची भीती वाटली.

तू म्हणते उत्तर तूच दे. पत्रानं देता येत नाही. दिवाळी झाली की चरोद्याले जाते. ती बोलली नाही त बाहेर ओट्यावर बसीन.

भागीरथा


चरोदा
९ नोव्हेंबर १९८३

प्रिय मावशी,

मले मराठी नीट लिहिता येत नाही, तुह्याजवळ राहून भिलाईच्या हिंदी शाळेत शिकली ना, गलती हो तो हसू नको.

आई भाऊबीजेच्या दिवशी आली. सासूबाईनं पाट टाकला, आत या म्हटलं, पण ती ओट्यावरच बसली. सासूबाई, हे, शेजारची माणसं, सब वहीं. मले म्हणाली, तू मावशीले जे विचारलं ते मले विचार. मी म्हटलं, आई, राहू दे, अंदर चल. ती हलली नाही. मंग मी विचारलं. ती म्हणाली, “हो. एक रात्र मले वाटलं.”

मावशी, मले वाटलं होतं ती घुमाफिराके काहीतरी सांगंन. असं होतं, तसं होतं. नाही. सीधा हो म्हणाली. माह्या डोळ्यात पाहून म्हणाली.

मले बहुत गुस्सा आला. सासूबाईनं चोर म्हटलं तेव्हा आला नव्हता तेवढा. मी आत येऊन दिवसभर बोलली नाही. सासूबाईनंच तिले जेवायले वाढलं. दोघी चुलीपाशी बसून काय बोलल्या ते मले माहीत नाही, पण दोघींचे डोळे लाल होते.

मी आईले काहीतरी करते म्हटलं होतं ना, ते काय ते आता सांगते. सुपेल्याच्या एका दुकानातून मी साड्या आणते अन् फॉल लावून देते. नागपंचमीपासून. ह्यायले माहीत आहे, सासूबाईले नव्हतं, आता आहे. आईच्या कवेलूसाठीच करून राहिली होती. झाल्यावर सांगू म्हणून चूप होती. चूप राहायची आदतच खराब आहे माही.

दिवस बुडतानी मी फॉल लावायले बसली. आई येऊन बाजूले बसली अन् साडीचं दुसरं टोक मांडीवर घेतलं. सुई धरली, पण दोरा जाईना. दोन-तीनदा करून पाह्यलं, दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं, तरी नाही. मले म्हणाली नाही की ओवून दे.

मावशी, मी तिले माफ केलं की नाही ते मले अभी समजलं नाही. पण मी तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला अन् परत देली.

मावसाजीले नमस्कार सांग.

साधना